मॅगझीन : कोठारातून आलेला शब्द

'मॅगझीन' हा शब्द आम्ही शिक्षक मंडळी सहज वापरतो. शाळेचे मॅगझीन, मुलांचे मॅगझीन. तो अस्सल इंग्रजी आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. पण त्याचे मूळ गाव अरबस्तानात आहे.

अरबी भाषेत 'ख-झ-न' या धातूचा अर्थ साठवून ठेवणे. त्यावरून 'मखझन' म्हणजे कोठार आणि त्याचे अनेकवचन 'मखाझिन'. व्यापाराच्या ओघात हा शब्द भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात गेला. इटालियन भाषेत तो 'मागाझ्झिनो' झाला. स्पॅनिशने तर अरबी 'अल'सकट त्याला उचलून 'आल्मासेन' केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, तेव्हाही अर्थ कोठार हाच होता. पुढे दारूगोळ्याच्या कोठारालाही हेच नाव पडले. 11 मे 1857 रोजी दिल्लीत इंग्रजांनी बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच उडवून दिले, ते असेच एक मॅगझीन.

मग या शब्दाचा वाचनाशी संबंध कसा आला? 1731 साली एडवर्ड केव्ह यांनी लंडनमध्ये 'द जंटलमन्स मॅगझीन' सुरू केले. नाना विषयांच्या मजकुराचे कोठार, असा त्या नावाचा भाव होता. 1755 च्या आपल्या कोशात सॅम्युएल जॉन्सन यांनी हा नवा अर्थ नोंदवला, तो याच नियतकालिकाचे नाव घेऊन.

हाच धातू फारसीच्या वाटेने आपल्याकडे फार आधी पोहोचला होता. उर्दूत 'खझाना', मराठीत 'खजिना' आणि 'खजिनदार'. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरीही 'खजिना' मराठी माणसाच्या तोंडी टिकून राहिला. पुढे 1901 साली शेख अब्दुल कादिर यांनी लाहोरहून उर्दू मासिक काढले, त्याचे नाव 'मखझन'. इक्बाल यांची 'हिमाला' ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात आली. कोठाराचा शब्द आता उर्दूतही मासिकाच्या मुखपृष्ठावर आला.

उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी परकी वाटते आणि त्याची उर्दू इतरांना परकी वाटते. अशा वेळी आम्ही फळ्यावर 'खझाना', 'खजिना' आणि 'मॅगझीन' हे तीन शब्द शेजारी शेजारी लिहितो. ही एकाच घरची भावंडे आहेत, हे मुलांना लगेच उमगते. मराठी शाळांतही हा धडा व्हायला हवा, असे आम्हाला वाटते.