प्रथिन इलेक्ट्रोफोरेसिस : जातींची तुलना

विद्युत क्षेत्रात प्रथिनांचे रेणू आपापल्या विद्युतभारानुसार व आकारमानानुसार कमीअधिक वेगाने सरकतात. या गुणधर्मावर आधारलेले प्रथिने अलग करण्याचे तंत्र म्हणजे प्रथिन इलेक्ट्रोफोरेसिस. प्रथिनातील ॲमिनो अम्लांचा क्रम जनुक ठरवतो. त्यामुळे दोन जातींमधील एकाच प्रथिनाची चाल वेगळी पडल्यास त्यामागे बहुधा जनुकांतील फरक असतो. असे फरक मोजून जातींमधील क्रमविकासी नाते ताडून पाहता येते.

इतिहास : आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये हे तंत्र नावारूपास आणले. त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये स्टार्चचे जेल वापरले. १९६६ मध्ये याच तंत्राने लेवॉन्टिन व हबी यांना ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या फळमाशीच्या समष्टींत सरासरी सुमारे ३०% जनुकस्थाने बहुरूपी आढळली. हे वैविध्य नैसर्गिक निवडीमुळे टिकते की यदृच्छेने, याबाबत मतभेद आहेत.

पद्धती : स्नायू, यकृत यांसारखी ऊती थंड द्रावणात वाटून तिचा अर्क जेलच्या खाचांत भरतात व विद्युतप्रवाह सोडतात. नंतर विशिष्ट एंझाइमाचे पट्टे रंगवून त्यांची स्थाने नोंदवतात. प्रत्येक जनुकस्थानावरील रूपांच्या वारंवारतेवरून मासातोशी नेई यांच्या १९७२ च्या सूत्राने जनुकीय अंतर काढतात. रूपे व त्यांच्या वारंवारता तंतोतंत जुळल्यास ते शून्य येते. अंतरांच्या कोष्टकावरून वंशवृक्ष मांडतात. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) हे अपमार्जक वापरल्यास मूळ भाराचा प्रभाव झाकला जातो आणि प्रथिने मुख्यतः रेणुभारानुसार वेगळी होतात. ॲक्टिन (सुमारे ४२ किलोडाल्टन) व मायोसिनची जड साखळी (सुमारे २०० किलोडाल्टन) यांचे पट्टे बहुतेक माशांच्या स्नायूंत दिसतात. त्यामुळे तुलनेत इतर पट्ट्यांना महत्त्व येते.

अरबी समुद्रातील मासे : बाह्यरूपाने सारखे दिसणारे मासे ओळखण्यास व एकाच जातीचे साठे वेगळे करण्यास हे तंत्र विशेष उपयोगी ठरले. गोव्यातील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अरबी समुद्रातील सायनिडी कुलातील (घोळ, ढोमा यांचे कुल) चार जातींची जनुकीय तुलना प्रसिद्ध केली. द्वीपकल्पीय किनारा व अंदमान समुद्र येथील बांगड्यांचीही त्यांनी तुलना केली.

मर्यादा : भार न बदलणारे ॲमिनो अम्लांचे बदल सहसा दिसत नाहीत, त्यामुळे अंतर प्रत्यक्षाहून कमी भरू शकते. समान जागी आलेले पट्टे एकाच प्रथिनाचे असतीलच असे नाही. ऊती, वय व नमुन्याचा ताजेपणा यांनुसार पट्टे बदलतात. म्हणून एकाच पट्ट्यावरून नाते ठरवता येत नाही, अनेक जनुकस्थाने तपासावी लागतात.

सद्यःस्थिती : वर्गीकरणात आता मुख्यतः डीएनएचा क्रम वापरतात.