फर्लो रजेवर गेलेला नकाशेनवीस



आपल्या सोलापुरच्या स्टेशनावरून एका बाजूस मुंबईची वाट जाते आणि दुसऱ्या बाजूस वाडीची. वाडीहून सिकंदराबादेस जाणारा फांटा १८७४ सालीं सुरू झाला. योगायोग असा कीं, त्याच सालीं इंदुरास बांधकाम खात्यांतील एका तीस वर्षांच्या नकाशेनविसानें प्रथम कॅमेरा हातीं घेतला. तेव्हां ह्या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. परंतु पुढें त्याच गृहस्थाची एक चित्रशाळा सिकंदराबादेस व दुसरी मुंबईस निघाली, आणि त्या दोहोंना जोडणारा लोहमार्ग आपल्या गांवावरून जात होता. हे गृहस्थ म्हणजे लाला दीनदयाळ.

दीनदयाळांचें नांव निघालें कीं त्यांच्या धाडसाची वाखाणणी होते. चाळिशी उलटलेल्या संसारी माणसानें पेन्शनची सरकारी नोकरी सोडली आणि फोटोग्राफीचा धंदा पत्करला, असें कौतुकानें सांगतात. गोष्ट खरी आहे; पण ती अशी सांगितली म्हणजे तरुण श्रोत्यांची थोडी दिशाभूल होते, असें मला वाटतें. नोकरी सुटली ती एका दिवशीं, परंतु ती सोडण्याची तयारी दहा-बारा वर्षें चालली होती.

त्यांचा जन्म १८४४ सालीं मेरठजवळच्या सरधना गांवीं, एका जैन जवाहिऱ्यांच्या घराण्यांत झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजांत स्थापत्याचें शिक्षण घेऊन ते १८६६ त इंदुरास मुख्य अंदाजनीस व नकाशेनवीस म्हणून रुजू झाले. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. मराठी माणसाला तें परकें नाहीं. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर व मध्यहिंदुस्थानचे एजंट सर हेन्‍री डेली ह्या दोघांनींहि दीनदयाळांच्या नव्या छंदास उत्तेजन दिलें. वरिष्ठांनीं हांताखालच्या नोकराचा छंद गोड मानून घ्यावा, हें भाग्य सर्वांनाच लाभतें असें नाहीं.

हा छंद त्या काळीं किती कष्टाचा होता, तें आज खिशांतून फोन काढून चित्र टिपणाऱ्यांना कळणें कठीण आहे. कांचेच्या तावदानावर कलोडियन नांवाचें चिकट द्रावण सारखें पसरावयाचें. तें तावदान रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाचें. आणि तें ओलें आहे तोंवरच, म्हणजे सुमारें दहा मिनिटांच्या आंत, चित्र घेऊन काळोख्या तंबूंत तें धुऊन काढावयाचें. माळव्याच्या उन्हाळ्यांत हें तावदान किती लवकर सुकत असेल, ह्याची कल्पना सोलापुरकरांना निराळी द्यावयास नको! कांचा, औषधें, तंबू, पाणी, सारें बैलगाडीवर लादून मुक्कामोमुक्कामीं न्यावें लागे. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या कांचा बाजारांत आल्या आणि ही यातायात पुष्कळच कमी झाली. दीनदयाळांचें वाढतें काम आणि हा शोध एकाच वेळीं जुळून आले, हेंहि विसरतां कामा नये.

परंतु मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. नोकरींतलीं वर्षें वायां गेलीं नाहींत. इमारतीचा अंदाज करणाऱ्याला भिंत ओळंब्यांत आहे कीं नाहीं, कमानीचा भार कोठें पडतो, कोणत्या बाजूनें पाहिलें असतां इमारतीची खरी मापें दिसतात, हें रोज पहावें लागतें. १८८२ सालीं सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्याबरोबर त्यांनीं बुंदेलखंडाकडे दौरा केला. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, सांची येथील त्यांच्या चित्रांतून खांब सरळ उभे राहतात, आणि कोरीवकामावरचा प्रकाश असा पडतो कीं खोली मोजतां यावी. चित्रकाराची नजर तेथें आहेच. पण तिच्या मागें नकाशेनविसाची पट्टी आहे. हीं चित्रें १८८६ सालीं मध्यहिंदुस्थानांतील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रिफिन ह्यांच्या ग्रंथांत छापलीं गेलीं.

आतां नोकरी सोडण्याविषयीं. दीनदयाळांनीं प्रथम राजीनामा दिलाच नाहीं. १८८५ च्या सुमारास त्यांनीं दोन वर्षांची फर्लो रजा घेतली. त्या मुदतींत व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन ह्यांचें काम त्यांना मिळालें, निजामाच्या दरबारीं प्रवेश झाला, सिकंदराबादेस जम बसला. आणि मगच त्यांनीं सरकारी नोकरीला रामराम ठोकला. परतीची वाट उघडी ठेवून पाऊल टाकणें ह्याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मी म्हणणार नाहीं.

ह्यानंतर मात्र ते मागें वळले नाहींत. सहाव्या निजामानें, मीर महबूब अली खान ह्यानें, त्यांना दरबारचे फोटोग्राफर नेमलें व पुढें राजा मुसव्विर जंग हा किताब दिला. पडद्यांतील स्त्रियांसाठीं त्यांनीं १८९२ त हैद्राबादेस स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि ती एका इंग्रज बाईंच्या हवालीं केली. एका राजावर सर्वस्वीं विसंबून राहणें बरें नव्हे, हें त्यांनीं ओळखलें असावें. नाहींतर १८९६ सालीं मुंबईसारख्या चुरशीच्या शहरांत एवढी मोठी चित्रशाळा त्यांनीं कशाला उघडली असती?

महाराष्ट्रांत ह्याच्या उलट वाट चाललेला माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांनीं तरुणपणीं गोध्र्यास फोटोग्राफीचें दुकान मांडलें, तें टिकलें नाहीं. मग पुराणवस्तु खात्यांत नकाशेनविशी केली, तीहि सोडली. आणि चाळिशी गांठल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गांठली. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांतूनच निघाला. फाळक्यांना फर्लो रजा ठाऊक नव्हती. त्यांचें यश दीनदयाळांहून मोठें असेल, पण त्यांच्या घरच्यांनीं जें सोसलें तें हिशेबांत धरलें पाहिजे.

हें इतक्या आवडीनें सांगण्याचें कारण थोडें खासगी आहे. शाळेच्या संमेलनांचे फोटो मीहि पुष्कळ वर्षें काढले, आणि चाळिशींत एकदां दुकान घालण्याचा बेत केला होता. जागाहि पाहिली होती. पण रजेचा अर्ज लिहून मीं तो टेबलाच्या खणांत ठेवला, आणि तो तेथेंच राहिला. पुढें कांहीं वर्षांतच फिल्मचे रोल गेले आणि गल्लींतले दोन स्टुडिओ बंद झाले, तेव्हां घरांत माझ्या शहाणपणाची तारीफ झाली. तो शहाणपणा होता कीं नुसता आळस, हें मला अजून नीटसें उमगलेलें नाहीं.

दीनदयाळ १९०५ च्या जुलैंत वारले. त्यांच्या हातच्या २,८५७ कांचा १९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें विकत घेतल्या. त्यांत राजे आहेत, किल्ले आहेत, शिकारी आहेत, पलटणी आहेत. निजामाच्या राज्यांतील दुष्काळी कामांचींहि चित्रें त्यांनीं घेतलीं होतीं. त्या दुष्काळाची झळ आपल्या जिल्ह्यालाहि लागली होती. म्हणून तीं चित्रें पाहतांना एकाद्या टोपलीवाल्या बाईच्या चेहऱ्यावर सोलापुरकराची नजर अंमळ जास्तच थांबते.