‘ऑल-आउट’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थेतिहास

इंग्रजी वृत्तपत्रांतून युद्ध, हल्ला, संप, प्रचार किंवा प्रयत्न या अर्थाच्या नामांपूर्वी ‘ऑल-आउट’ हे विशेषण इतक्या सहजतेने योजिले जाते की, त्याच्या घडणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘सर्व’ आणि ‘बाहेर’ अशी त्याची फोड केली, तर अर्थ हाती लागत नाही; कारण येथील ‘आउट’ हे पद स्थलवाचक नसून समाप्तिवाचक आहे. दिवा विझणे, साठा संपणे, वर्ष सरणे या सर्व ठिकाणी इंग्रजी भाषा याच पदाचा आश्रय घेते. मराठीतील ‘सरून जाणे’ या प्रयोगात ‘जाणे’ हे क्रियापद गतीचा अर्थ टाकून पूर्णतेचा अर्थ धारण करते; हे स्थित्यंतरही त्याच जातीचे होय.

मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन शब्द क्रियाविशेषण म्हणून एकत्र येत आणि त्यांचा अर्थ केवळ ‘पूर्णपणे’ एवढाच असे. प्रयत्नाची छटा त्यात नव्हती. सोळाव्या शतकात हा प्रयोग मद्यपानाच्या बैठकीत रूढ झालेला दिसतो. पेला तळापर्यंत रिकामा करणे यास जर्मन लोक ‘गार आउस’ म्हणत, आणि त्यावरूनच इंग्रजीतील ‘करूज’ हा शब्द निघाला. कॉटग्रेव्हने १६११ च्या आपल्या फ्रेंच-इंग्रजी कोशात अशा पूर्ण रिचविलेल्या पेल्यासाठी ‘ऑल-आउट’ हाच प्रतिशब्द दिला आहे. पात्रात काहीही शिल्लक न ठेवणे ही कल्पना पुढील सर्व अर्थांच्या मुळाशी आहे.

पात्राच्या जागी शक्ती आली ती मुख्यतः शर्यतींच्या भाषेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, धावणाऱ्याने किंवा यंत्राने सर्व बळ लावले असता हा प्रयोग होऊ लागला. विशेषण म्हणून तो स्थिर झाला तो त्यानंतरच. मात्र त्याला राज्यकर्त्यांच्या गंभीर भाषणात स्थान मिळावयास दुसरे महायुद्ध यावे लागले. ६ जानेवारी १९४२ रोजी अमेरिकन काँग्रेसपुढे बोलताना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या एका वर्षात ६०,००० विमाने व ४५,००० रणगाडे आणि पुढील वर्षी १,२५,००० विमाने व ७५,००० रणगाडे निर्माण करण्याचे लक्ष्य जाहीर केले. येत्या आर्थिक वर्षाचा युद्धखर्च ५६ अब्ज डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होईल, हेही त्यांनी सांगितले. कर, रोखे आणि चैनीच्या वस्तूंचा त्याग यांचा उल्लेख करून त्या सर्वांचे सार त्यांनी याच विशेषणात साठविले. छापील पाठात तेथे तो शब्द अवतरणचिन्हांत आहे. बोलभाषेचा वास त्याला अद्याप येत होता, असे समजण्यास हरकत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लुडेनडॉर्फ याने १९३५ च्या ग्रंथात जे ‘टोटल’ युद्ध प्रतिपादिले, किंवा १८ फेब्रुवारी १९४३ रोजी बर्लिनमध्ये गोबेल्सने ज्याची घोषणा केली, त्या विशेषणाने व्याप्ती सांगितली जाते : समाजाचे कोणतेही अंग युद्धाबाहेर राहत नाही. ‘ऑल-आउट’ व्यय सांगतो : जवळ जे आहे त्यातील काहीही राखून ठेवलेले नाही. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र येतात, पण अर्थदृष्ट्या त्या भिन्न होत.

अण्वस्त्रांच्या युगात या शब्दाच्या वापरास एक चमत्कारिक वळण लागले. कोरियातील युद्ध (१९५०–५३) मर्यादित राखले गेले, आणि १९५७ मध्ये किसिंजर यांनी अण्वस्त्रे व परराष्ट्रधोरण यांवरील ग्रंथात मर्यादित युद्धाच्या विरोधी टोकास ‘ऑल-आउट’ युद्ध ठेवले. जो शब्द १९४२ मध्ये आवाहन होता, तो इशारा झाला. ‘ऑल-आउट’ युद्ध टळले, त्याचा धोका निर्माण झाला, दोन्ही पक्ष त्याच्या अलीकडे थांबले, अशा वाक्यांतच तो आता वारंवार आढळतो. १९९९ च्या कारगिल संघर्षात भारतीय वायुसेनेला नियंत्रणरेषा न ओलांडण्याचा आदेश होता. त्या मर्यादेमुळेच तो संघर्ष या विशेषणाच्या कक्षेबाहेर राहिला. प्रयत्न किंवा मोहीम यांच्या संदर्भात मात्र जुना होकारार्थी वापर टिकून आहे.

मराठी अनुवादक पुष्कळदा सरसकट ‘सर्वंकष’ लिहितात. हा शब्द पाणिनीच्या ३.२.४२ या सूत्राने सिद्ध होतो. सर्व काही घासून काढणारा, असा त्याचा मूळ अर्थ. त्यात व्याप्ती आहे, व्यय नाही. म्हणून तो ‘टोटल’ यास शोभतो. प्रयत्नास ‘आटोकाट’ आणि हल्ल्यास ‘निकराचा’ हे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत, आणि त्यांत शक्ती पणाला लावल्याची जाणीव स्पष्ट आहे. संपाची गोष्ट वेगळी. ब्रिटिश कामगार चळवळीत हे विशेषण निवडक किंवा एक दिवसाच्या संपाच्या उलट वापरतात. तेथे ‘आउट’ला कामावरून बाहेर पडण्याचाही अर्थ चिकटलेला आहे. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी १८ जानेवारी १९८२ पासून जो संप केला, त्यास मराठीने ‘बेमुदत’ म्हटले. मराठीने येथे काळ मोजला, इंग्रजीने माणसे.

‘पात्र रिकामे होणे’ हा जुना अर्थ सर्वांत शुद्ध रूपात क्रिकेटमध्ये राहिला आहे, आणि त्यास ‘सर्वबाद’ हा नेमका मराठी शब्दही मिळाला आहे. तेथे प्रयत्नाचा लवलेश नाही. शिल्लक फलंदाज नाहीत, एवढेच. ‘सर्व’ म्हणजे दहा बळी, असेही मात्र नाही. १९७४ मध्ये लॉर्ड्‌सवर अजित वाडेकरांचा संघ दुसऱ्या डावात ४२ धावांत सर्वबाद झाला, तेव्हा गोलंदाजांना मिळालेले बळी नऊच होते. जखमी चंद्रशेखर फलंदाजीस आलाच नव्हता.