खोट्या नदीवरची खरी आगबोट

बेळगाव-वेंगुर्ले पट्ट्यातल्या जुन्या माणसांपुढे 'आगबोट' हा शब्द नुसता उच्चारला तरी त्यांचे डोळे लकाकतात. एके काळी बेळगावचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जाई आणि तिथून मुंबईला. कोकणातली दोन-तीन पिढ्यांची माणसे चाकरीसाठी गेली तीही याच आगबोटींतून. त्या बोटी गेल्या, त्यांचे भोंगे गेले आणि धक्क्यांवर शेवाळ चढले. एकीचेही जतन करावे असे आपल्याकडे कोणाला सुचले नाही. म्हणूनच दूरदेशी एका करमणुकीच्या बागेतल्या म्हाताऱ्या आगबोटीसाठी माणसे हळहळताना पाहिली, की प्रथम हसू येते आणि मग आपण जरा गप्प होतो.

ही बाग म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातील अ‍ॅनाहाईम गावचे डिस्नेलँड. 17 जुलै 1955 रोजी ते उघडले आणि पहिल्याच दिवसापासून तिथल्या कृत्रिम नदीवर 'मार्क ट्वेन' नावाची आगबोट फिरू लागली. लांबी 105 फूट, वजन सुमारे 150 टन. मिसिसिपी नदीवरच्या खऱ्या बोटींहून आकाराने धाकटी, म्हणजे साधारण आठातले पाच हिस्से. तिचा सांगाडा लॉस एंजेलिसजवळच्या सॅन पेड्रो येथील गोदीत तयार झाला आणि वरचे मजले चित्रपटाच्या स्टुडिओत सुतारांनी बांधले. निम्मी बोट गोदीकामगारांची आणि निम्मी नेपथ्यकारांची, असा हा मामला.

बागेच्या बांधकामावर देखरेख होती ती जो फाउलर या निवृत्त रिअर अ‍ॅडमिरलची. माणूस खरा दर्यावर्दी. बोट आहे तर तिच्या डागडुजीला सुकी गोदी हवीच, असा त्याने हट्ट धरला. मोक्याची जागा एका खड्ड्यात चालली म्हणून वॉल्ट डिस्ने त्याची थट्टा करीत असत. पण गोदी झाली आणि पुढे तिला फाउलरचेच नाव मिळाले. नदीचीही कथा मजेदार आहे. पहिल्यांदा पाणी सोडले तेव्हा ते सगळे जमिनीत जिरून गेले! मग तळाला चिकणमाती आणून दाबली, तेव्हा कुठे नदीने पाणी धरले.

उद्घाटनाच्या दिवशी बोटीवर इतकी माणसे चढली की खालच्या मजल्यावर पाणी येऊ लागले. बोट बुडता बुडता वाचली आणि मग तीनशे माणसांची मर्यादा घातली गेली. इथे आपल्या वाचकांना 17 जुलै ही तारीख खटकली असेल. बरोबर आठ वर्षांपूर्वी, 17 जुलै 1947 रोजी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट गटारीच्या अवसेला बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. एके ठिकाणी खोल दर्या, दुसऱ्या ठिकाणी मातीने लिंपलेला ओढा. योगायोगाला अर्थ नसतो हे खरे, पण इतिहासाच्या मास्तराचा हात अशा तारखेवर थबकतोच.

आता या बोटीत खरे काय आणि खोटे काय? नदी खोटी, किनाऱ्यावरची जनावरे खोटी, वस्त्याही खोट्या. सुकाणूसुद्धा शोभेचेच, कारण पाण्याखाली लोखंडी रूळ आहे आणि बोट त्याच्यावरूनच वळते. सुकाणूघरात उभा असलेला माणूस भोंगा वाजवतो, घंटा वाजवतो, पुढे नजर ठेवतो. वळवत मात्र नाही. पण खाली बॉयलरपाशी उभा असलेला माणूस खरा. तिथे पाणी उकळते, वाफ दाबाखाली साठते, दट्टे पुढेमागे सरकतात आणि मागचे लाकडी फळ्यांचे मोठे चाक पाणी मागे लोटते. यात सोंग मुळीच नाही. बॉयलरमधली पाण्याची पातळी उतरली तर तो बागेतला की नदीवरचा हे पाहत नाही.

या धोक्याची मिसिसिपीने मोठी किंमत मोजली आहे. 27 एप्रिल 1865 रोजी मेम्फिसजवळ 'सुलताना' बोटीचे बॉयलर फुटले. यादवी युद्धातून सुटून घरी निघालेले अकराशेहून अधिक लोक, बहुतेक सैनिक, त्यात गेले. खुद्द मार्क ट्वेनचा धाकटा भाऊ हेन्री 1858 मध्ये 'पेन्सिल्व्हेनिया' बोटीच्या स्फोटात भाजून मेला. तेव्हा ट्वेन, म्हणजे सॅम्युअल क्लेमेन्स, बोटीच्या नाखव्याचे शिक्षण घेत होता. पुढल्याच वर्षी त्याला परवाना मिळाला. त्याचे टोपणनावही नदीवरचेच: दोन वाव पाणी, म्हणजे बारा फूट, बोटीला सुरक्षित.

हा गृहस्थ आपल्याला अगदीच परका नाही. छपाईच्या खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात पैसे घालून आणि प्रकाशन-व्यवसायात बुडून तो कर्जबाजारी झाला होता. कर्ज फेडण्यासाठी जगभर व्याख्याने देत जानेवारी 1896 मध्ये तो मुंबईत उतरला. मुक्काम वॉटसन हॉटेलात. महिनाअखेरीस तो बडोद्यालाही गेला आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारात त्याने व्याख्यान दिले. बडोद्याच्या मराठी कुटुंबांतून महाराजांच्या कितीतरी आठवणी सांगितल्या जातात. ही मात्र क्वचितच ऐकू येते.

फ्लोरिडातली दुसरी बाग 1971 च्या ऑक्टोबरमध्ये उघडली तेव्हा तिथल्या बोटीला त्याच अ‍ॅडमिरल फाउलरचे नाव दिले. 1973 मध्ये 'रिचर्ड एफ. आयर्विन' ही दुसरी बोट आली. 1980 मध्ये फाउलर कायमची निवृत्त झाली, आणि आयर्विनचे 1996 मध्ये 'लिबर्टी बेल' असे बारसे झाले. तीही वाफेचीच. तिला लागणारी जागा मात्र फार: मधोमध बेट आणि भोवती सगळे पाणी. 2024 मध्ये कंपनीने जाहीर केले की त्या जागी मोटारींच्या चित्रपटावर बेतलेला नवा विभाग होणार. 6 जुलै 2025 हा बोटीचा शेवटचा दिवस ठरला. त्यानंतर नदीचे पाणी उपसण्यास सुरुवात झाली.

कॅलिफोर्नियातल्या नदीलाही एकदा कात्री लागली आहे. जानेवारी 2016 मध्ये 'स्टार वॉर्स' विभागासाठी ती बंद केली, प्रवाहाचा वरचा भाग कापून वळवला आणि जुलै 2017 मध्ये बोट पुन्हा सुरू झाली. फेरी आखूड झाली. 'मार्क ट्वेन' अजून फिरते आहे, सत्तर वर्षांची झाली आहे. पण फ्लोरिडातली बहीण गेल्यापासून तिच्या चाहत्यांच्या मनात पाल चुकचुकते आहे.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. बॉयलर सांभाळायचा म्हणजे तपासण्या आल्या, जाणकार माणसे आली, दर काही वर्षांनी गोदीत दुरुस्ती आली. पोरांना तर वेगवान पाळणे हवेत. आणि बाग कधीच पूर्ण होणार नाही, बदलतच राहील, असे खुद्द वॉल्ट डिस्नेच सांगत आले होते.

तरीही मला ते पुरते पटत नाही. नक्कल जतन कशाला करायची, असा प्रश्न इतिहासाचे विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाण्यासाठी साधारणपणे पन्नास वर्षांचे वय लागते. ते या नकलेने केव्हाच ओलांडले. ओहायो नदीवरची, 'आयडलवाइल्ड' म्हणून 1914 मध्ये बांधलेली 'बेल ऑफ लुईव्हिल' सोडली तर जुन्या वाफेच्या बोटी चालत्या स्थितीत जवळपास उरलेल्या नाहीत. 1920 च्या दशकातली 'डेल्टा क्वीन' 2008 पासून प्रवासी घेऊन निघालेली नाही. 2018 मध्ये कायद्याने तिला पुन्हा मोकळीक दिली, तरी ती लुइझियानात बांधूनच पडली आहे. अस्सल संपत आले की नकलेकडेच अस्सलाची कामगिरी येते. बॉयलर कसा पेटवायचा, वाफ किती धरायची, चाक उलटे कधी फिरवायचे, हे हाताला कळणारे ज्ञान आहे. आमच्या किनाऱ्यावरचे सारंग आणि तांडेल गेले तेव्हा ते त्यांच्याबरोबर गेले.

एक मात्र खरे की ती बोट खाजगी मालकीची आहे. राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागले तरी खाजगी मालकाचा हात त्याने धरता येत नाही. तो आपल्या पैशाने काय ठेवायचे आणि काय मोडायचे ते ठरवू शकतो. टोकियोतल्या बागेत 1983 पासून आणखी एक 'मार्क ट्वेन' आहे. पॅरिसमध्ये 1992 मध्ये दोन बोटी सुरू झाल्या होत्या, त्यांतली 'मार्क ट्वेन' 2011 मध्ये थांबली. दुसरीचे नाव 'मॉली ब्राउन', टायटॅनिकमधून वाचलेल्या बाईचे. ती अजून पाण्यात आहे.