मरणाच्या अलीकडचा शेजारधर्म

आपल्याकडे गावात कुणी गेलं की माणसं आपोआप जमतात. कुणी तिरडीच्या बांबूंना जातो, कुणी लाकडांची सोय पाहतो, कुणी मुंबईच्या मुलाला फोन लावतो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भात येतो. एरवी बोलचाल नसलेलाही खांदा द्यायला हजर होतो. कुणी बोलावलेलं नसतं, कुणी पैसे घेत नाही.

पण त्याच घरात आधीचे सहा महिने काय चाललेलं असतं? कॅन्सर हाडांत उतरलेला माणूस रात्र रात्र कण्हत असतो, बायको त्याच्या पाठीवरच्या जखमा धूत असते, धाकट्याची शाळा सुटलेली असते. शेजारी दारावरून जाताना ‘काय म्हणतेय तब्येत?’ एवढं विचारतात आणि पुढे जातात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. श्वास थांबल्यावर काय करायचं याची रीत ठरलेली आहे, त्याआधी काय करायचं याची नाही, म्हणून हात थबकतात.

हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्नांची काळजी घेणाऱ्या घरात, बिनपगारी येऊन रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाची वंशावळ शोधू लागलं की दिसतं ते हेच: मरणानंतरचा शेजारधर्म हळूहळू मरणाच्या अलीकडे सरकत आला आहे. त्याला काही शतकं लागली.

फ्लॉरेन्स शहरात १२४४ पासून ‘मिझेरिकोर्दिया’ हा बंधुसंघ आहे. त्यातले लोक व्यापारी, कारागीर, सामान्य गृहस्थ. डोक्यावरून काळा झगा ओढून, चेहरा झाकून ते आजाऱ्यांना रुग्णालयात आणि मृतांना स्मशानात पोचवत. उपकार कुणी केला हे कुणाला कळू नये, म्हणून चेहरा झाकायचा. पोर्तुगालच्या राणी लिओनोरच्या आश्रयाने १४९८ मध्ये लिस्बनला अशीच संस्था उभी राहिली आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पोर्तुगीज जहाजांबरोबर गोव्यात आली: ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’. आजाऱ्यांची विचारपूस, कैद्यांना अन्न, फाशी जाणाऱ्याला वधस्तंभापर्यंत सोबत आणि बेवारस मृतांचं दफन ही तिच्या सभासदांची कर्तव्यं. ही दया साम्राज्याच्या सावलीतली होती, हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. तरीही मरायला निघालेल्याबरोबर चालत जाण्याचं काम एका गृहस्थाने स्वखुशीने अंगावर घ्यायचं, ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर इतकी जुनी आहे.

पंधराव्या शतकात युरोपात ‘आर्स मोरिएन्दी’ नावाच्या पुस्तिका फिरत होत्या. प्लेगच्या साथी पुन्हा पुन्हा येत होत्या आणि प्रत्येक खाटेशी धर्मगुरू पोचेलच याची खात्री उरली नव्हती. म्हणून चांगलं मरण कसं यावं हे या पुस्तिका सामान्य माणसालाच शिकवत. मरणाऱ्याजवळ एका मित्राने थांबावं, त्याला प्रश्न विचारावेत, प्रार्थना म्हणाव्यात, असं त्यांत होतं. त्या मित्राने सांभाळायचा तो आत्मा. कण्हणाऱ्या शरीराचं काय, हा प्रश्न तिथे गौणच राहिला.

शरीराकडे वळला तो कामिल्लो द लेल्लिस. इटलीतला एक भाडोत्री शिपाई, जुगारी, पायाची जखम आयुष्यभर न भरलेला. रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात तो आधी रुग्ण म्हणून आला, मग नोकर म्हणून राहिला आणि पुढे तिथल्या व्यवस्थेचा प्रमुख झाला. पगारी सेवक मरणासन्न रुग्णांना कसे टाकून देतात हे त्याने आतून पाहिलं होतं. १५८२ च्या सुमारास त्याच्या मनात आलं की हे काम पगारासाठी न करणाऱ्या माणसांची एक तुकडी हवी. १५८६ मध्ये पोपने तिला मान्यता दिली, अंगावर लाल क्रूस लावायची परवानगीही दिली. ही माणसं रुग्णालयांत जात, मरणासन्नांच्या घरीही जात, प्लेगमध्येही मागे हटत नसत. मात्र हळूहळू त्यांचा संप्रदाय झाला. व्रत घेतलेला साधू आणि संध्याकाळी दोन तास काढून येणारा गृहस्थ यांत फरक आहे, आणि आपल्याला शोध आहे तो गृहस्थाचा.

तो, किंवा ती, फ्रान्समधल्या ल्योंमध्ये सापडते. झान गार्निए ही तरुण विधवा. नवरा आणि दोन मुलं गमावलेली. १८४२ मध्ये तिने तिच्यासारख्याच विधवांचा एक संघ काढला आणि पुढच्या वर्षी असाध्य रोगाने मरणाऱ्या बायकांसाठी घर उघडलं. या विधवा नन नव्हत्या. कुठलंही व्रत न घेता त्या कॅन्सरच्या सडलेल्या, दुर्गंधी सुटलेल्या जखमा स्वतःच्या हाताने बांधत. हे काम पुढे १८७४ मध्ये पॅरिसला आणि १८९९ मध्ये न्यूयॉर्कला पोचलं. ज्या काळात विधवेला समाजात जागा उरत नसे, त्या काळात ज्यांनी घरात मरण पाहिलं होतं त्यांनीच परक्याच्या मरणाजवळ बसायचं ठरवलं. मला या वंशावळीतली ही पिढी सर्वांत जवळची वाटते. त्यांच्या हातात ना औषध होतं ना अधिकार. होती ती फक्त न घाबरण्याची सवय.

डब्लिनला सिस्टर्स ऑफ चॅरिटीनी १८७९ मध्ये हॉस्पिस काढलं आणि त्याच नन्सनी १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात सेंट जोसेफ्स. त्याआधी १८९३ मध्ये लंडनमध्येच डॉ. हॉवर्ड बॅरेट यांनी मरणासन्न गरिबांसाठी सेंट ल्यूक्स सुरू केलं होतं. आमच्याकडे ‘केस’ नसतात, माणसं असतात, असं त्यांच्या अहवालांत बजावून सांगितलेलं असे. पुढचं सगळं वळण या सेंट ल्यूक्समध्ये आहे.

सिसिली सॉन्डर्स आधुनिक हॉस्पिसची जननी, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ती डॉक्टर होण्याआधी स्वयंसेवक होती, हे मात्र विसरलं जातं. नर्सिंग शिकलेल्या सिसिलीला पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावं लागलं होतं आणि ती रुग्णालयात समाजसेविका झाली होती. १९४७ मध्ये तिला डेव्हिड टाझ्मा भेटला: वॉर्साहून आलेला पोलिश ज्यू, वय अवघं चाळीस, कॅन्सर, लंडनमध्ये आप्त कुणी नाही. दोघांचं बोलणं होई ते मरण कुठे आणि कसं यायला हवं याबद्दल. त्याने मरताना तिच्यासाठी ५०० पौंड ठेवले: तुझ्या घराची एक खिडकी मी होईन. त्या घराचा तेव्हा पत्ताही नव्हता.

त्याच्या मृत्यूनंतर, १९४८ मध्ये, सिसिली संध्याकाळच्या वेळी सेंट ल्यूक्समध्ये बिनपगारी जाऊ लागली, आणि सात वर्षं जात राहिली. मोठ्या रुग्णालयांत तेव्हा रुग्णाने वेदनेने विव्हळून मागितल्यावरच मॉर्फिन मिळे. सेंट ल्यूक्सच्या नर्सेस ते तोंडावाटे, ठरलेल्या तासांनी, वेदना परत येण्याआधीच देत. रुग्ण गुंगीत पडून राहत नसत. बोलत, जेवत, पत्रं लिहीत. जगभरच्या वेदनाशमनाचा आज जो पाया आहे, तो तिने एका स्वयंसेवकाच्या नजरेने पाहून उचलला. वॉर्डात कुणी मोठा डॉक्टर असता तर नर्सेसची ही रीत त्याच्या डोळ्यांत भरली असती का, याची मला शंका आहे. मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच, तेव्हा तू डॉक्टर हो, असं तिला एका सर्जनने सुचवलं. १९५७ मध्ये ती डॉक्टर झाली, सेंट जोसेफ्समध्ये तिने ही पद्धत शास्त्रशुद्ध नोंदींसह पडताळली आणि १९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅममध्ये ५४ खाटांचं सेंट ख्रिस्तोफर्स उघडलं. टाझ्माच्या पैशांची खिडकी तिथे आजही आहे. वेदना शरीराची असते तशी मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते, हा तिचा विचार. त्यातून असंही निघतं की ती एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातली नसते. चहा देणारे, फुलं लावणारे, गाडी चालवणारे, नुसते बसणारे लोक या घराला लागणारच होते. आज ब्रिटनमधल्या हॉस्पिसेसमध्ये असे हजारो स्वयंसेवक आहेत.

नुसतं बसणं म्हणजे काय, हे जरा थांबून पाहायला हवं. आजाऱ्याच्या खाटेशी येणारा प्रत्येक जण कशाने तरी बांधलेला असतो: मुलगा नात्याने, नर्स पगाराने, डॉक्टर पेशाने. आजारी माणसाला ते कळतं आणि आपण ओझं झालो आहोत ही सल त्याला खात राहते. स्वयंसेवक यातल्या कशानेच बांधलेला नसतो. तो येतो कारण त्याला यावंसं वाटलं. म्हणून घरच्यांना जे सांगता येत नाही ते त्याला सांगता येतं: पैशांची काळजी, जुनं भांडण, मरणाची भीती.

अमेरिकेत ही गोष्ट थेट कायद्यात उतरली. येल विद्यापीठात नर्सिंगच्या प्रमुख असलेल्या फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी सॉन्डर्सकडून प्रेरणा घेतली आणि १९७४ मध्ये कनेक्टिकटमध्ये काम सुरू झालं. १९८२ मध्ये मेडिकेअर या सरकारी विम्यात हॉस्पिसचा समावेश करताना अट घातली गेली की रुग्णसेवेच्या एकूण पगारी तासांच्या किमान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांचे असले पाहिजेत. दयेला टक्केवारी लावणं प्रथम विचित्र वाटतं. पण ही अट नसती तर पैसा येताच हे काम केवळ धंदा झालं असतं. कोविडच्या काळात ती शिथिल केली गेली आणि साथ ओसरल्यावर पुन्हा लागू झाली.

अमेरिकेतच या वंशवृक्षाला अनपेक्षित फांद्या फुटल्या. एड्सच्या रुग्णांना आईबापही शिवत नव्हते, तेव्हा १९८२ पासून न्यूयॉर्कमध्ये ‘बडी’ म्हणून त्यांच्या घरी जाणारे लोक उभे राहिले. १९९८ मध्ये लुईझियानातल्या ‘अँगोला’ तुरुंगात हॉस्पिस सुरू झालं. तिथे जन्मठेपेचे कैदीच स्वयंसेवक असतात. ज्यांच्या हातून कुणाचा जीव गेलेला असतो तेही सोबतच्या कैद्याला भरवतात, धुतात, रात्रभर जागतात. आणि ऑरेगनमधली सँड्रा क्लार्क ही नर्स. १९८६ मध्ये एका वृद्ध रुग्णाने तिला जवळ बसायला सांगितलं. ती फेरी उरकून येते म्हणाली आणि परतली तेव्हा तो एकटाच गेला होता. ती रात्र तिला विसरता आली नाही. २००१ मध्ये तिच्या रुग्णालयात, कुणीही एकट्याने मरू नये म्हणून पाळीपाळीने बसणाऱ्यांची योजना सुरू झाली.

भारतात मदर तेरेसांचं मरणासन्नांसाठीचं कालीघाटचं घर १९५२ चं, आणि पहिलं आधुनिक हॉस्पिस आपल्या मुंबईत, १९८६ मध्ये वांद्र्याला माउंट मेरीजवळ: कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांचं ‘शांती आवेदना’. पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र आलं. दोन्हींकडे सेवा मोफत. पण इमारतीतल्या खाटा मोजक्याच असणार, आणि दाराबाहेरचा देश अफाट. त्यात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं की पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर एक दशांशाच्याही खाली गेला. मॉर्फिन ज्यापासून बनतं ती अफू नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांत तयार होत होती, परदेशी जात होती, आणि ती पिकवणाऱ्या देशातली माणसं तडफडत मरत होती. २०१४ मध्ये कायदा सुधारला, पण मधल्या वर्षांतल्या वेदनेचा हिशेब कोण देणार?

या अंधारात वाट काढली केरळने. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि काही मित्रांनी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ काढली. सरकारी मेडिकल कॉलेजातलं ते एक छोटं क्लिनिक. थोड्याच काळात लक्षात आलं की ज्यांना सर्वांत गरज आहे ते अंथरुणाला खिळलेले आहेत आणि क्लिनिकपर्यंत येऊच शकत नाहीत. शिवाय दुखणं उतरलं तरी घरात तांदूळ नसतो, मुलीची फी थकलेली असते. सुरेश कुमार यांचं सांगणं असं की दीर्घ आजार हा मुळात सामाजिक प्रश्न आहे, वैद्यक हे त्याचं एक अंग. नव्वदचं दशक सरता सरता मलप्पुरम जिल्ह्यात, मंजेरी-निलंबूरच्या परिसरात, शेजाऱ्यांचं जाळं विणायला सुरुवात झाली. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणाऱ्याने यायचं. १६ तास वर्गात बसून शिकायचं आणि चार दिवस रुग्णांमध्ये, जाणत्यांच्या देखरेखीखाली. खोटा धीर कसा द्यायचा नाही, गप्प कसं बसायचं, जखम कशी धुवायची, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं दुखणं नर्सकडे केव्हा सोपवायचं, हे सगळं त्यात येतं. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची मुलं आली. पैसा गावातूनच, लहान लहान देणग्यांतून उभा राहिला.

डॉक्टर इथे मध्यभागी नव्हता. गावाचं युनिट गावाचं, नर्स आणि डॉक्टर त्याने नेमलेले. ल्योंच्या विधवांपासून सिसिलीपर्यंत स्वयंसेवक कुणाच्या तरी घरात येत होता. मलप्पुरममध्ये घर त्याच्या गल्लीतलंच होतं.

२००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवेचं धोरण जाहीर केलं आणि पंचायतींच्या गाडीतून नर्सेस घरोघर फिरू लागल्या. हे मोठं यश, आणि मला त्यात एक धोकाही दिसतो. नर्स पगारी आहे आणि पंचायतीची आहे म्हटल्यावर शेजाऱ्याला वाटू शकतं की आता आपलं काम संपलं. पंचायत मलमपट्टी पुरवू शकते, मॉर्फिन पुरवू शकते. रिकाम्या संध्याकाळी येऊन बसणारा ओळखीचा माणूस तिच्या अंदाजपत्रकातून येत नाही. २०२२ मध्ये मरणाच्या मूल्यावरचा ‘लॅन्सेट’ आयोगाचा अहवाल आला. मरण रुग्णालयांच्या ताब्यात गेल्याची चिंता त्यात आहे आणि वेगळ्या वाटेचं उदाहरण म्हणून केरळ पुढे ठेवलेलं आहे. महाराष्ट्रातही हे जमू शकतं: इथे भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत, गणेश मंडळं आहेत, एनएसएसची मुलं आहेत. प्रत्येकाकडे यादी, वर्गणी आणि माणसं तयार आहेत. १६ तासांचा वर्ग यांपैकी कुणालाही आपल्या गावच्या शाळेत, एखाद्या महिन्याच्या चार रविवारी, भरवता येईल.