रकान्यांची जुळणी : रोजकीर्दीपासून प्रमाणित खरेदी आदेशापर्यंत

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथे फुटतो, त्या कसाल गावाच्या आसपासचा मुलूख दीर्घकाळ दोन अंमलांत विभागलेला होता. मालवण १८१२ साली करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेले, तर कुडाळ महाल १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात राहिला. किनारा आणि घाट यांच्यामध्ये माल खेळवणाऱ्या अशा प्रदेशात एकाच्या वहीतील नोंद दुसऱ्याच्या वहीत नेमक्या अर्थाने उतरवणे हे व्यापाराचे मूळ काम होते, आणि संगणकावरील तक्त्याचे रकाने प्रमाणित खरेदी आदेशाशी जुळवण्याची आजची प्रक्रिया ही त्याच कामाची पुढची पायरी आहे.

देशी हिशेबपद्धतीत दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिले जात आणि तेथून ते खतावणीत, म्हणजे प्रत्येक आसामीच्या स्वतंत्र खात्यावर, चढवले जात. एका क्रमातील माहिती दुसऱ्या क्रमात बसवण्याची ही रीत निर्दोष चाले, कारण दोन्ही वह्या एकाच पेढीच्या असत. अडचण येई ती परक्या वहीशी गाठ पडल्यावर. वजनाच्या कोष्टकात ४० शेरांचा मण, तर धान्यमापाच्या कोष्टकात अनेक ठिकाणी ४ शेरांची पायली आणि १२ पायल्यांचा मण, म्हणजे ४८ शेरांचा. दोन्हींत २० मणांची खंडी होत असली, तरी ‘मण’ असा मथळा असलेले दोन रकाने नुसत्या नावावरून एक मानले, तर हिशेब चुकणे अटळ होते.

राज्यसंस्थेने ही तफावत टप्प्याटप्प्याने मिटवली. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाऐवजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला, १९५६च्या कायद्यानुसार १९५८पासून किलोग्रॅम क्रमाक्रमाने रूढ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या वस्तू व सेवा कराबरोबर मालाच्या वर्गीकरणाचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, उदाहरणार्थ काजूसाठी ०८०१ आणि आंब्यासाठी ०८०४, लहानमोठ्या व्यापाऱ्यांच्या बिलांत अधिक प्रमाणात दिसू लागले.

दरम्यान पाश्चात्त्य जगात १९४८च्या बर्लिन हवाई पुरवठ्यात निरनिराळ्या भाषांतील आणि नमुन्यांतील मालयाद्यांनी घातलेल्या गोंधळातून सामायिक नमुन्याची गरज पुढे आली होती. अमेरिकेत १९७९ साली ‘एक्स-१२’ समिती स्थापन झाली आणि तिने ठरवलेल्या व्यापारी दस्तऐवजांच्या संगणकीय नमुन्यांच्या संचात खरेदी आदेशाला ८५० हा क्रमांक मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या ‘एडिफॅक्ट’ प्रमाणकात त्याच कामासाठी ‘ऑर्डर्स’ हा संदेश ठरवण्यात आला. योगायोगाने १९७९ हेच ‘व्हिसिकॅल्क’ या संगणकीय तक्त्याचेही वर्ष होते, त्यामुळे एकीकडे सर्वांसाठी ठरलेला नमुना आणि दुसरीकडे ज्याने त्याने आपल्या सोयीने आखलेला तक्ता या दोन प्रवाहांचा प्रवास सोबतच सुरू झाला.

प्रमाणित खरेदी आदेशाचे दोन भाग असतात : आदेशाचा क्रमांक, दिनांक, खरेदीदार आणि विक्रेता एकदाच सांगणारा शीर्षभाग, आणि प्रत्येक वस्तूचा संकेतांक, संख्या, एकक, दर व पोचवण्याची तारीख सांगणाऱ्या ओळी. साध्या तक्त्यात हे दोन्ही एकाच सपाटीवर येतात आणि आदेश क्रमांक प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिला जातो. म्हणून जुळणीची पहिली पायरी ती पुनरुक्ती ओळखून तिच्या आधारे ओळी एका आदेशाखाली गोळा करण्याची असते. दुसरी पायरी एककांची. आंबा डझनावर मोजला असेल तर प्रमाणित यादीतील ‘डीझेडएन’ हा संकेत आणि काजू किलोवर असेल तर ‘केजीएम’ असे ठरवता येते, परंतु ‘पेटी’ लिहिली असेल, तर फळाच्या आकारानुसार पेटीतील नगांची संख्या बदलत असल्याने ती संख्या वेगळी नोंदवल्याशिवाय जुळणी पुरी होत नाही.

उरतो तो ‘शेरा’ हा रकाना, ज्यात उधारीची मुदत, पिकलेपणाची अपेक्षा किंवा वाहतुकीची अट असे बरेच काही लिहिले जाते. प्रमाणकांत मुक्त मजकुरासाठी जागा असली तरी यंत्र त्यावरून कोणतीही कृती करत नाही. त्यामुळे शेऱ्यातील कोणती अट स्वतंत्र क्षेत्रात न्यायची आणि कोणती मजकूर म्हणून राहू द्यायची, हा निर्णय व्यवहार जाणणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो. मणाच्या दोन अर्थांपैकी कोणता हे ठरवणाऱ्या जुन्या कारकुनाचे कामही याच जातीचे होते, आणि मापे, नाणी व संकेतांक एक झाल्यावरही ते संपलेले नाही.