आपला रोग आपण ओळखावा काय?



इतिहासाच्या माणसाने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे हा अव्यापारेषु व्यापार आहे, याची मला कल्पना आहे. परंतु गेल्या वर्षी माझ्या भाचीने मला पेचात धरले. तिचे वय छत्तीस, नोकरी बँकेत. मोबाईलवरील मिनिटा-दोन मिनिटांची चलचित्रे पाहून तिने आपले निदान आपणच केले होते. "मामा, मला एडीएचडी आहे," ती म्हणाली. म्हणजे अवधान टिकत नाही, चित्त आणि देह स्वस्थ राहात नाहीत, असा विकार. यावर तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली, "आमच्या वेळी याला धांदरटपणा म्हणत." दोघींनी निवाडा मागितला. तो देण्याचा अधिकार माझा नव्हे. मी आपली जुनी पुस्तके काढून बसलो.

पहिलाच साक्षीदार मोठा गमतीचा निघाला. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली मनोविकारांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातील एक प्रकरण केवळ अवधान व त्याचे विकार यांस वाहिलेले आहे. कोणी दार लावले, टेबल सरकवले, उजेड थोडा कमीअधिक झाला, की ज्यांचे लक्ष उडते अशी माणसे त्याने पाहिली होती. आणि तो नमूद करतो की, या अवस्थेला त्या माणसांनीच एक नाव दिलेले आहे : 'फिजेट्स'. आपण त्याला चुळबुळ म्हणू. पाहा, ग्रंथ वैद्याचा, पण नाव रोग्यांचे! आपले आपण ओळखण्याची ही खोड मोबाईलने लावली, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

पुढे मात्र रोग्याचे तोंड बंद झाले. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. विषय होता ४३ मुले. स्टिलसाहेबांनी त्यांच्या वर्तनाला नैतिक संयमाची उणीव म्हटले. ही सगळीच मुले आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. पण बोलणारा वैद्य, आणि ज्याच्याविषयी बोलायचे ते मूल, ही मांडणी तेव्हापासून पक्की झाली. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. उद्देश होता तपासणीनंतरची डोकेदुखी घालवण्याचा. डोकेदुखीचे फारसे काही झाले नाही. पण १४ मुले अभ्यासात अशी रमली की, मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणण्यास सुरुवात केली. नाव ठेवण्यात मुले नेहमीच पुढे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९६८ साली हा विकार आला तो बालकांची अतिचंचलता म्हणून. यात गोम आहे. वर्गात उड्या मारणारा मुलगा गुरुजींना छळतो, म्हणून त्याची नोंद होते. खिडकीबाहेर पाहात गप्प बसलेली मुलगी कोणालाच छळत नाही. तिची नोंद कोण करणार? १९८० साली सूचीने चंचलतेऐवजी अवधानाला मान दिला. तोवर अशा कित्येक मुली बायका झाल्या होत्या.

एडवर्ड हॅलोवेल यांची हकीकत तर या मंडपात सांगण्याजोगीच आहे. बोस्टनमध्ये बालमनोविकारांचे शिक्षण संपत आले असता, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्यांचे गुरू या विकाराचे वर्णन करू लागले, आणि ऐकता ऐकता शिष्याला उमगले की हे वर्णन आपलेच! एका श्रोत्याने व्याख्यानात स्वतःला ओळखले. पुढे १९९४ साली त्यांनी जॉन रेटी यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाच्या पानापानांत अनेक वाचकांनी स्वतःला ओळखले.

मग भाचीची चलचित्रे काय वाईट? त्याचेही मोजमाप झालेले आहे. २०२२ साली कॅनडातील संशोधकांनी टिकटॉकवरील या विषयाची सर्वाधिक पाहिली गेलेली १०० चलचित्रे तपासली. ५२ दिशाभूल करणारी निघाली. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण त्याच जातीचा माल इतर पेठांत मिळतोच. किल्ल्या हरवणे, दूध उतू जाणे, ही लक्षणे कोणाच्या घरी नाहीत? चलचित्र लक्षण दाखवते. ते कधीपासून आहे हे विचारीत नाही. २०१३ च्या सूचीप्रमाणे काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी असावी लागतात, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी आयुष्याची खरोखर अडचण केलेली असावी लागते. निद्रानाश, चिंता, थायरॉईडचा विकार हेही असेच सोंग घेऊन येतात. आणि यासाठी रक्ताची तपासणी नाही. आहे ती विचारपूस, म्हणजे एका माणसाचा इतिहासच.

भाची अखेर मनोविकारतज्ज्ञाकडे गेली. त्यांनी गोळी दिली नाही. शाळेची प्रगतिपुस्तके मागितली. बहिणीने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. चौथीच्या पुस्तकात बाईंचा शेरा होता : "हुशार आहे, पण वर्गात असून नसते." खाली पालकाची सही होती, माझ्या बहिणीची. तिने ती बराच वेळ पाहिली, आणि चष्मा पुसून पाचवीचे पुस्तक उघडले.